बाबांची ८००, गंज आणि अठरावा अध्याय



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २२.

मागच्या दोन दिवसांत ज्ञानाचे दोन प्रकार पाहिले. सात्त्विक, म्हणजे वेगवेगळ्या दिसणाऱ्या सगळ्यांत एकच न तुटलेलं तत्त्व दिसणं. राजस, म्हणजे सगळं सुटं सुटं दिसणं. आज तिसरा प्रकार, तामस. भगवंत काय सांगतात ते माझ्या शब्दांत सांगायचं तर: एकाच गोष्टीला असं धरून बसायचं की जणू तीच सगळं आहे, त्याला ना कारण, ना खरं काय ते पाहण्याची तयारी.

तामस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आळस, व्यसन, राग असलं काहीतरी येतं. हा श्लोक तसा नाही. यातलं तामस फार सभ्य आहे, आणि बऱ्याचदा ते प्रेमाचे कपडे घालून येतं. म्हणून आज उदाहरण घरातलंच घेतो, कारण सध्या आमच्याकडे हाच विषय चालू आहे.

रत्नागिरीला घरी बाबांची मारुती ८०० आहे, २००१ ची. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आरसीची मुदत आता संपतेय. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून वाढवावी लागते. बाबांनी दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा वाढवायची की गाडी भंगारात द्यायची, हा प्रश्न.

समुद्राकाठी गाडी ठेवली की काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. लोखंड, पाणी आणि हवा एवढं गंजाला पुरतं, खारा वारा ते काम भराभर करतो. आणि गंज थांबत नाही. ॲल्युमिनियमवर जो थर येतो तो खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र, फुगणारा, त्यातून ओल आत जातच राहते. रंगाला बारीक फोड दिसले की समजायचं, आत बरंच काही होऊन गेलंय.

दाराच्या पत्र्यावरचा गंज वेगळा आणि खालचा वेगळा, हे इथे महत्त्वाचं. ट्रकला चासी वेगळी असते आणि वरची बॉडी वेगळी. ८०० ला तशी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालची पट्टी, पुढचे शॉकअप जिथे बसतात ते भाग, हा पत्राच सगळं वजन पेलतो. गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली आणि साधा स्क्रूड्रायव्हर दाबून पाहिला. ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली तो आरपार गेला. दाराखालच्या पट्टीतही. तो म्हणाला, "दादा, इंजिनाला काही झालेलं नाही. ते बसवलंय तो पत्रा राहिला नाही. पॅच मारीन, पण वेल्डिंगला धरायला कडेला चांगला पत्रा तर पाहिजे ना?"

मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. पत्राकाम, रंग, नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर, विमा एका बाजूला आणि विकून काय येईल ते दुसऱ्या बाजूला. हे कालच्या श्लोकातलं राजस ज्ञान. ते चुकीचं नाही, फक्त त्याला सुटे आकडे दिसतात. त्या शीटमध्ये एक ओळ अशीही होती: लांबी भरून, रंग मारून, गाडी शिकायला हवी असलेल्या एखाद्या मुलाला विकणे. आकड्यांत तीच सगळ्यात फायद्याची निघाली! त्या मुलाच्या पायाखालचा फ्लोअर कसा आहे, याचा रकानाच शीटमध्ये नव्हता. ती ओळ काढून टाकली.

मग आईशी बोलायचं होतं. आई म्हणाली, "तुझ्या बाबांचं आता एवढंच तर राहिलंय रे."

"एवढंच". आजचा श्लोक नेमका या शब्दावर बोट ठेवतो. बाबा म्हणजे ती गाडी, असं मनात बसलं की आपण दोघांवरही अन्याय करतो. बाबांना २४ वर्षं जुन्या पत्र्यात कोंबतो, आणि पत्र्याकडून असं काही मागतो जे त्याला जमणार नाही.

पण थांबा. हे वाक्य मी आईला म्हटलं नाही, आणि तुम्हीही घरी कोणाला म्हणू नका. गीता अर्जुनाला त्याच्यासाठी सांगितली होती, दुसऱ्याचं मन मोजायला नव्हे. शिवाय श्लोक ज्ञानाबद्दल बोलतोय, प्रेमाबद्दल नाही. तामस आहे ते "हेच सगळं" असं समजणं. आईची माया त्यात येत नाही.

म्हणून मी तिला विचारलं, तुला यातलं नेमकं काय हवंय? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, चावी हवी, बाबांनी आरशाला लावलेली माळ हवी, आणि महिन्यातून एकदा गणपतीपुळ्याला कोणीतरी न्यायला हवं. तिसरी गोष्ट गाडीबद्दल नव्हतीच.

अंगणात बसून बोलत होतो. आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा लाल दिसतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि गंज म्हणजेही लोहाचं ऑक्साइडच. वीस श्लोकावर पानभर लिहूनही मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते तिथे दिसलं. यापुढे त्यावर काही लिहीत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. आरसी तुमच्या नावावर तशीच राहते, आणि चासी नंबरचा कोणी गैरवापर केला तर विचारणा तुमच्याकडे. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, आरटीओत नोंदणी रद्द झाली का ते पाहा. गाडी दिवंगत माणसाच्या नावावर असेल तर वारसाची कागदपत्रं आधी करून घ्या.

आईने अजून हो म्हटलेलं नाही. मुदत संपायला दोन महिने आहेत, तेवढा वेळ तिचा. तोवर गाडी शेडमध्येच राहील, चालवायची नाही, आणि लेकीला मागच्या सीटवर बसू द्यायचं नाही. चावी आणि माळ आईने देवघरात ठेवली आहे. पहिली गणपतीपुळ्याची फेरी या रविवारी, माझ्या गाडीने.

उद्या श्लोक २३, सात्त्विक कर्म.

राम कृष्ण हरी.