शेजाऱ्याने झाकलेली होडी

किनाऱ्यावरील रडारची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने येते, त्यांना मी प्रथम हेच बजावतो की, पडद्यावर काही दिसत नाही, एवढ्यावरून समुद्र मोकळा आहे असे मानू नये.

लाटांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीचे बळ ऋतूगणिक, किंबहुना वाऱ्याच्या झोतागणिक बदलते. म्हणून इशाऱ्याचे सीमामूल्य एकदाच कायम करून ठेवले, तर दहा लाखांत एक खोटा इशारा येईल अशा बेताने केलेली तजवीज ती शक्ती नुसती दुप्पट होताच हजारात एकावर येते, आणि पडद्यासमोरचा माणूस इशाऱ्यांची दखल घेणेच सोडून देतो. १९६८ साली फिन आणि जॉन्सन यांनी यावर सुचविलेला उपाय असा की, ज्या अंतरकोषाची, म्हणजे अंतराच्या ज्या लहान टप्प्याची, परीक्षा करावयाची त्याच्या लगतचे कोष वगळून दोन्ही बाजूंच्या, समजा, सोळा कोषांची सरासरी काढावी, तिला ठरावीक गुणकाने गुणावे (वरील हिशेबाने तो सुमारे २२ येतो), आणि त्या मर्यादेवर जो प्रतिध्वनी चढेल तेवढाच ग्राह्य धरावा. युक्ती नामी खरी; पण शेजारच्या कोषांत केवळ लाटाच आहेत, हे तिने मुकाट्याने गृहीत धरलेले असते.

मी काम करीत असे त्या केंद्रावरील यंत्राची चाचणी, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, एकट्या गस्ती नौकेवर यथासांग पार पडली होती. ऑगस्टात ट्रॉलर घोळक्याने बाहेर पडले, तेव्हा कच्च्या संकेताच्या पडद्यावर ट्रॉलरच्या थोडी पलीकडे स्वच्छ दिसणारी लहान होडी शेजारच्याच प्रक्रियायुक्त पडद्यावर मुळीच उमटेना. ट्रॉलरचा धिप्पाड प्रतिध्वनी सरासरीत शिरला होता, आणि सीमामूल्य होडीच्या डोक्यावरून गेले होते.

अशा ठिकाणी रोलिंग यांनी १९८३ साली मांडलेली क्रमवारीची रीत मला अधिक भरवशाची वाटते: सोळा कोष चढत्या क्रमाने लावून बारावा प्रमाण मानला, म्हणजे चार दांडगे शेजारी असले तरी निकाल फारसा बिघडत नाही. मात्र जमीन आणि पाणी यांच्या सीमेवर खोटे इशारे उसळतात, तेथे दोन बाजूंच्या सरासऱ्यांपैकी मोठी घेणे बरे. म्हणजे एकच रीत साऱ्या किनाऱ्यावर लादणे मला मंजूर नाही.

तेव्हा यंत्र ताब्यात घेणाऱ्यांना विनंती अशी की, बंदी उठल्यानंतरच्या गर्दीतील कच्च्या संकेताची नोंद पुरवठादाराकडून मागून घ्यावी, आणि तीत लहान होडी ट्रॉलरशेजारी सापडते हे स्वतः पाहिल्याखेरीज चाचणीच्या दाखल्यावर सही करू नये.