टीव्हीवरचा विज्ञान कार्यक्रम कसा निवडावा?



'टीव्ही बघायचाच असेल तर प्राण्यांचं चॅनेल लाव,' असं आपण मुलांना सहज सांगतो. पण चॅनेलचं नाव म्हणजे दर्जाची खात्री नव्हे. २०१२ मध्ये अ‍ॅनिमल प्लॅनेटने जलपऱ्यांवर माहितीपटासारखा दिसणारा कार्यक्रम दाखवला. त्यातले 'शास्त्रज्ञ' चक्क नट होते! शेवटी अमेरिकेच्या सरकारी सागरी संस्थेला सांगावं लागलं, की जलपऱ्या असल्याचा कोणताही पुरावा नाही. मोठी माणसं फसली, मग तिसरी-चौथीतल्या मुलांचं काय?

म्हणून कार्यक्रम बघताना तीन प्रश्न विचारा.

१. 'हे कसं कळलं?' ते दाखवतात का? निरीक्षण, मोजमाप, प्रयोग दिसायला हवेत.

२. प्राण्याचं रोजचं जगणं दिसतं, की नुसती झुंज आणि भीतीदायक संगीत? साप 'सूड घेतो' असं म्हटलं, की सावध व्हा.

३. 'हे अजून आम्हाला माहीत नाही,' असं प्रामाणिकपणे सांगतात का?

कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' (१९८०) ही १३ भागांची मालिका, डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निवेदनाची 'प्लॅनेट अर्थ' (२००६) आणि दूरदर्शनवरचा 'टर्निंग पॉइंट' ही चांगली उदाहरणं. 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रा. यश पाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना साध्या भाषेत उत्तरं देत.

उपक्रम : आठवड्यातून एक कार्यक्रम मुलांसोबत बसून बघा. संपल्यावर मुलांनी वहीत दोनच ओळी लिहाव्यात : काय नवीन कळलं आणि कोणता प्रश्न पडला. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. त्या प्रश्नावरच पुढचा तास घ्या.