आयातित हिवताप : रुग्णालयात की घरी?

ज्या देशात हिवतापाचा स्थानिक प्रसार उरलेला नाही, तेथे प्रवासातून येणाऱ्या हिवतापाला ‘आयातित हिवताप’ म्हणतात. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज ब्रिटन, अमेरिकेत स्थायिक आहेत आणि सुटीत येथे येऊन परततात. म्हणून हा विषय आपल्या घरचाही आहे.

फाल्सिपॅरम हिवतापाच्या रुग्णास दाखल करावे की गोळ्या देऊन घरी पाठवावे, याबाबत मतभेद आहेत. ब्रिटनमधील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा बहुतेक रुग्णांस किमान २४ तास रुग्णालयात ठेवावे. फ्रान्समधील २००७ च्या सूचनांनी मात्र निवडक प्रौढांना घरी उपचारांची मुभा दिली. त्यासाठी गंभीर लक्षणे व उलट्या नसाव्यात, रक्तातील परजीवींचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी असावे, रुग्ण एकटा राहणारा नसावा, रुग्णालय जवळ असावे आणि फेरतपासणीची खात्री असावी, अशा अटी घातल्या.

घरी उपचार घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसतात, यावरून घरच अधिक सुरक्षित असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. घरी पाठविलेले रुग्ण मुळातच सौम्य आजाराचे असतात. अत्यवस्थ रुग्ण दाखल होतात. ही तुलना समान रुग्णांची नव्हे.

मग मृत्यू कोठे घडतात? ब्रिटनमध्ये १९८७ ते २००६ या काळात फाल्सिपॅरमच्या २५,०५४ रुग्णांपैकी १९१ दगावले. पासष्टीपुढील रुग्णांत मृत्युदर ४.६ टक्के होता. पर्यटकांत तो ३ टक्के, तर आप्तांना भेटून परतणाऱ्यांत ०.३२ टक्के होता. ज्या विभागांत असे रुग्ण क्वचित येत, तेथे मृत्युदर अधिक आढळला. खाटेइतकेच महत्त्व वेळीच शंका येण्याला आहे, असा बोध मी यातून घेतो.

त्या पाहणीत पाच वर्षांपर्यंतच्या एकाही बालकाचा मृत्यू नव्हता. हे समाधानकारक असले तरी बालरोगतज्ज्ञ म्हणून मी फाल्सिपॅरमच्या बालकास पहिला दिवस रुग्णालयातच ठेवण्याच्या मताचा आहे. प्रौढ परजीवी सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटून राहतात, त्यामुळे काचपट्टीवर दिसतो त्याहून परजीवींचा खरा भार मोठा असू शकतो. उपचार सुरू झाल्यावरही पहिल्या काही तासांत प्रकृती ढासळू शकते. शिवाय मुलांत उलट्या-जुलाब हेच मुख्य लक्षण असल्यास पोटाचा विकार समजून हिवताप नजरेआड होतो आणि उलटीबरोबर औषधही बाहेर पडते.

परदेशी परतणाऱ्या कुटुंबांना तीन गोष्टी अवश्य सांगाव्यात. तेथे जन्मलेल्या मुलांना आई-वडिलांच्या बालपणीची प्रतिकारशक्ती लाभत नाही. म्हणून मच्छरदाणी आणि वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध यांची टाळाटाळ नको. परतल्यावर ताप आल्यास प्रवासाची माहिती डॉक्टरांना आपणहून, त्याच दिवशी द्यावी. व्हायव्हॅक्स यकृतात दडून कित्येक महिन्यांनीही उद्भवतो. तसेच रक्ताची पहिली तपासणी निर्दोष आली, तरी शंका असेपर्यंत ती पुन्हा करावी. साधारणतः तीन तपासण्या आवश्यक मानल्या जातात.

रुग्णालय की घर, हा निर्णय निदानानंतरचा आहे. ‘कोठे जाऊन आलात?’ हा प्रश्न मात्र तापाच्या पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे.