‘इमिजिएट’ : मध्ये काही नसणे



इंग्रजी कागदपत्रे मराठीत आणण्याचे काम ज्याने पत्करले आहे, त्याने ‘इमिजिएट’ या विशेषणाची घडण आधी नीट समजून घ्यावी, कारण त्याला सरसकट ‘तातडीचा’ हा प्रतिशब्द लावला की अर्थाचा अनर्थ होतो. शब्द मूळचा लॅटिन असून ‘मेडिअस’ म्हणजे मधला आणि त्याआधीचा उपसर्ग नकारवाचक आहे. म्हणजे दोन गोष्टींच्या मध्ये तिसरे काही नाही, एवढेच तो मुळात सांगतो. ते अंतर काळाचे असेल तर ‘तत्काळ’, जागेचे किंवा क्रमाचे असेल तर ‘लगतचा’ आणि नात्याचे असेल तर ‘अगदी जवळचा’ असा अर्थ होतो.

तर्कशास्त्रात हे फार स्वच्छ दिसते. दोन विधानांना जोडणाऱ्या मध्यपदाच्या आधारे निष्कर्ष काढला तर ते व्यवहित अनुमान, आणि ‘सर्व कावळे पक्षी आहेत’ या एकाच विधानावरून ‘काही पक्षी कावळे आहेत’ असे ठरवले तर ते अव्यवहित, म्हणजेच ‘इमिजिएट’ अनुमान; व्यवधान म्हणजे आड येणारी गोष्ट, आणि येथे मध्यपद आड येत नाही. मराठी ग्रंथकारांनी रूढ केलेली ही संज्ञा मूळ अर्थाला इतकी नेमकी भिडते की तिच्याबद्दल कृतज्ञताच वाटावी. पवित्र रोमन साम्राज्यात न्यूरेंबर्गसारख्या शहरांना ‘इमिजिएट’ हेच विशेषण लागे, कारण ती शहरे आणि सम्राट यांच्यामध्ये कोणी सरंजामदार नसे. त्यात घाईचा लवलेशही नव्हता.

सर्वाधिक जपावे ते मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. वृद्धाच्या मांडीचे हाड मोडले, तो अंथरुणाला खिळला, न्यूमोनिया झाला आणि त्यात मृत्यू आला, तर न्यूमोनिया हे ‘इमिजिएट’ कारण आणि अस्थिभंग हे मूळ कारण ठरते. पहिल्याला ‘मृत्यूचे तातडीचे कारण’ म्हणणे निरर्थक आहे. ‘लगतचे कारण’ म्हणावे, म्हणजे त्यामागे कारणांची साखळी आहे हे वाचणाऱ्या नातेवाइकांना उमगते.

‘अर्जंट’ हा शब्द निराळा, कारण तो गरजेचा रेटा सांगतो. ‘इमिनंट’ येऊ घातलेल्या, बहुधा अनिष्ट घटनेसाठी वापरतात. सरकारी फाइलीवर ‘इमिजिएट’ असा शेरा असेल, तर मात्र ‘तत्काळ’ हाच शब्द योग्य होय.