शुश्रूषेतील सोवळे

नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटर अंतरावर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र वसले आहे. याच ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. गावातील कुशावर्त तीर्थात स्नान करण्यासाठी वर्षभर यात्रेकरू येतात. पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी वारकऱ्यांच्या दिंड्या येतात. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी असंख्य लोक ब्रह्मगिरीची फेरी घालतात. आणि बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला, की सिंहस्थासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसांचा लोंढा लोटतो. एवढ्याशा गावात एवढी माणसे! ती तेथेच जेवतात, पाणी पितात, दाटीवाटीने निजतात, आणि त्यांतील काही आजारीही पडतात.

जुन्या काळी यात्रा आणि पटकी यांची जोडी ठरलेली असे. यात्रेकरू घरी परतले, की त्यांच्याबरोबर पटकीही गावोगाव पोहोचे. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांच्या वेशीवर मरीआईचे ठाणे आढळते, ती या साथीच्या भीतीचीच खूण होय. हा रोग देवीच्या कोपाने होतो असे लोक समजत, कारण रोगाचे खरे बीज डोळ्यांना दिसत नव्हते. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कोलकात्यात सूक्ष्मदर्शकाखाली पटकीचे जंतू पाहिले, आणि एक लहानसा स्वल्पविरामासारखा वाकडा जीव माणसांची गावे ओस पाडतो, ही गोष्ट पक्की झाली. रोग्याच्या जुलाबांतून व वांतीतून हे जंतू बाहेर पडतात, पाण्यात वा अन्नात मिसळतात आणि दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून यात्रेच्या गावी पिण्याच्या पाण्यात क्लोरीन मिसळणे हे आरोग्यखात्याचे पहिले काम असते.

परंतु पाणी शुद्ध केले म्हणजे सारे झाले असे नाही. रोगाला आणखी एक वाट असते, आणि ती जाते रोग्याची सेवा करणाऱ्या हातांवरून.

समजा, यात्रेतील एका उपचार केंद्रात जव्हारकडून आलेल्या एका आजींना जुलाब होत आहेत. शेजारच्या खाटेवर पायाला जखम झालेला एक मुलगा आहे. केंद्रात परिचारिका एकच. ती आजींना सावरते, त्यांचे भांडे उचलते, तोंड पुसते. तेवढ्यात मुलगा हाक मारतो, “सिस्टर, पट्टी सुटली!” परिचारिका दयाळू आहे. ती तशीच धावत गेली तर? आजींच्या पोटातील जंतू तिच्या बोटांवरून मुलाच्या उशाच्या पाण्याच्या पेल्यावर जातील. तिच्या मनात केवळ माया होती. पण जंतूंना मायेशी कर्तव्य नसते. म्हणून ती मुलाला म्हणते, “आले हं बाळ, आधी हात धुते,” आणि त्याला थोडे थांबविते. हे थांबविणे हाही शुश्रूषेचाच भाग आहे.

हात केव्हा धुवावेत याचे नियम आज जगभर सारखेच शिकविले जातात. रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी, जखम बांधणे किंवा सुई टोचणे यांसारखे जपून करावयाचे काम हाती घेण्यापूर्वी, रक्त, वांती वा मलमूत्र यांचा संबंध आल्यावर, रोग्याजवळून निघताना, आणि रोग्याला हात न लावता केवळ त्याची खाट, चादर वा भांडे हाताळले तरीसुद्धा. शेवटचा नियम पुष्कळांना अतिरेकी वाटतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण रोग्याला शिवल्याची आठवण राहते, खाटेच्या कठड्याला शिवल्याची राहत नाही. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके, सर्व चोळावे लागते. तुम्ही घड्याळ लावून पाहा. आपण एरवी हात धुतो असे म्हणतो, तेव्हा त्याच्या चौथाईही वेळ देत नाही. अंगठ्या व बांगड्या यांच्या आड जंतू दडून राहतात, म्हणून कामावर येताना त्या काढून ठेवाव्या लागतात. हिरवा चुडा उतरवून ठेवणे हे आपल्याकडील नव्या नवरीला किती जड जात असेल, याची कल्पना त्या नियमांच्या कोरड्या शब्दांवरून येत नाही.

हात धुण्याची ही साधी गोष्ट जगाला पटण्यास मात्र फार वेळ लागला. १८४७ साली व्हिएन्ना येथील एका मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग असत. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात १०० बाळंतिणींपैकी १० च्या आसपास तापाने दगावत. सुइणींच्या विभागात त्याच्या निम्म्याहूनही कमी. सेमेलवाइसच्या मनाला हे कोडे सलत राहिले. त्याच सुमारास त्याचा एक डॉक्टर मित्र शवविच्छेदन चालू असता बोटाला सुरी लागून वारला, आणि त्याच्या शवात त्या बाळंतिणींच्या शरीरासारखीच लक्षणे आढळली. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानात आले, की डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येतात आणि त्यांच्याच हातांवरून मृत्यू येतो. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. पुढील वर्षी मृत्यूंचे प्रमाण शेकडा २ च्याही खाली आले. एवढे होऊनही अनेक डॉक्टरांना तो मान्य झाला नाही. आपले हात मलिन आहेत, हे शिकलेल्या माणसाने कसे कबूल करावे? १८६५ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, सेमेलवाइस मनोरुग्णालयात मरण पावला. आणि जखमेतून झालेला संसर्गच त्याच्या मृत्यूस कारण झाला.

त्र्यंबकेश्वरी पुरोहित सोवळे नेसून गाभाऱ्यात जातात. तुमच्यापैकी काहींच्या पणज्यांनी घरातही सोवळे पाळलेले असेल. सोवळ्याचे वस्त्र उंच वलणीवर काठीने वाळत घालीत, म्हणजे त्याला कोणाचा हात लागू नये. शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका जंतुरहित उपकरणे अशीच चिमट्याने उचलते, आणि उघड्या वस्तूचा त्यांना स्पर्श झाला की ती बाजूस ठेवते. ही उपकरणे एका बंद यंत्रात, १२१ अंश सेल्सिअस उष्णतेच्या वाफेत, निदान १५ मिनिटे ठेवतात. घरातील कुकर हा त्या यंत्राचा धाकटा भाऊच समजा. नुसत्या उकळत्या पाण्याने काम भागत नाही, कारण धनुर्वाताच्या जंतूंची बीजे त्या उष्णतेतही तग धरून राहतात. दोन्ही सोवळ्यांत एक मोठा भेद मात्र आहे. जुने सोवळे कोण शिवले हे विचारी. रुग्णालयातील सोवळे काय शिवले एवढेच विचारते. राजा असो वा हमाल, त्याच्या रक्ताने माखलेला बोळा पिवळ्याच पिशवीत जातो आणि तो जाळून टाकला जातो. वापरलेली सुई पांढऱ्या, टणक डब्यात पडते. दोन्ही हातांनी तिला पुन्हा टोपण घालण्यास सक्त मनाई आहे, कारण तसे करतानाच ती अनेकदा परिचारिकेच्या बोटात शिरते.

शुश्रूषेत केवळ रोगीच धोक्यात असतो असे नाही, हे आपल्या महाराष्ट्राने १८९७ साली पाहिले. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला होता आणि तेथून तो पुण्यास पोहोचला. माणसे घरे सोडून रानात जाऊन राहिली. सावित्रीबाई फुले तेव्हा साठी ओलांडलेल्या विधवा होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेथे रोग्यांना आणवीत आणि त्यांची सेवा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतले व दवाखान्यात आणले. ज्या मुलाची सावलीही पुष्कळांना नको होती, त्याला त्यांनी पाठीशी घेतले होते. पुढे त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

प्लेगचे जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला बाधतात, हे पॉल लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले, ते १८९८ साली. म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. प्लेग फुप्फुसात शिरला तर खोकल्यावाटेही तो पसरतो. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. पण ती तेव्हा अगदीच नवी होती. हडपसरच्या माळावर ना मोजे होते, ना मुखपट्टी, ना रोगाची वाट ठाऊक होती. सावित्रीबाईंना एवढेच ठाऊक होते, की मूल आजारी आहे.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा राज्यातील परिचारिका प्लॅस्टिकच्या झग्यात तासन्‌तास उभ्या राहिल्या. घामाने भिजल्या, पण पाणीसुद्धा पिऊ शकल्या नाहीत. झगा चढविण्यापेक्षा तो उतरविणे अधिक कठीण असते. थकलेली परिचारिका घाईने मुखपट्टी ओढून काढते आणि मोज्यावरचे जंतू थेट तिच्या नाकापाशी पोहोचतात. म्हणून उतरविण्याचाही क्रम ठरलेला असतो. सर्वांत मळलेले म्हणून मोजे आधी. ते उलटे करीत काढावयाचे, म्हणजे मळलेली बाजू आत जाते. मग चष्मा, मग झगा, तोही आतून बाहेर गुंडाळीत. मुखपट्टी सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, पुढच्या बाजूस न शिवता केवळ मागच्या बंदांना धरून. आणि मोजे घातले होते तरीही, मग पुन्हा हात धुवावयाचे.