जमीन गेली, कागद जाऊ देऊ नका

जुलै महिना आला की आयकराची आठवण होते आणि विवरणपत्र भरून झाले की ती पुढच्या जुलैपर्यंत मिटते. नोकरदाराचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याच्या उत्पन्नाचा पुरावा मालकच दरवर्षी फॉर्म 16 च्या रूपाने हातात देतो. न्हावा-शेवा परिसरातल्या प्रकल्पग्रस्त कुटुंबाला असा पुरावा कोणी आणून देत नाही. इथे जमीन आजोबांच्या काळात गेली, वाढीव मोबदला वडिलांच्या काळात आला, साडेबारा टक्क्यांचा भूखंड नातू विकतो आहे. कराचा प्रश्न नातवाला विचारला जातो आणि त्याचे उत्तर आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत असते. म्हणून माझे ठाम मत आहे की या भागात कर वाचतो तो सल्ल्याने कमी आणि कागदाने जास्त. कायद्याने सवलती दिल्या आहेत आणि त्या चांगल्या भरघोस आहेत. पण सवलत मागणाऱ्यानेच ती सिद्ध करायची असते, आणि तिथेच आपली माणसे हरतात.

न्हावा पनवेल तालुक्यातले, शेवा उरण तालुक्यातले. या दोन गावांच्या नावांनी बंदर ओळखले जाते. सिडकोची स्थापना मार्च 1970 मधली. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. मधल्या काळात जमिनी गेल्या, शेवा गाव उठले, आणि 16 व 17 जानेवारी 1984 च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना उभी राहिली. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्या प्रतिनिधींना अशा भूखंडांची इरादापत्रे मिळायला ऑगस्ट 2014 उजाडावा लागला. हे सगळे ठाऊक असलेल्या वाचकाला मी पुन्हा सांगतो आहे ते एवढ्यासाठीच, की जमीन जाणे आणि तिचा मोबदला पदरात पडणे यांत तीस-तीस वर्षांचे अंतर आहे आणि आयकराचा सगळा गुंता या अंतरात आहे.

वाढीव मोबदल्याचेच पाहा. नगरपालिका हद्दीतली किंवा हद्दीलगतची शेतजमीन सक्तीने संपादित झाली आणि तिचा मोबदला 1 एप्रिल 2004 नंतर हाती आला, तर त्यावरील भांडवली नफा करमुक्त आहे. अट अशी की संपादनापूर्वीची दोन वर्षे त्या जमिनीत खातेदार स्वतः किंवा त्याचे आईवडील शेती करत असले पाहिजेत. हद्दीपासून दूरची ग्रामीण शेतजमीन तर कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही. दोन्ही तरतुदी शेतकऱ्याच्या बाजूच्या आहेत. पण 1984 साली गेलेल्या जमिनीचे पैसे 2010 नंतर आले असतील, तर पुरावा लागतो 1982 ते 1984 च्या लागवडीचा. तो सापडतो त्या काळच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर, गाव नमुना 12 च्या पीकपाहणीच्या रकान्यात: भात, क्षेत्र आणि कसणाऱ्याचे नाव. आजच्या संगणकीय सातबाऱ्यावर तिथे सिडकोचे किंवा शासनाचे नाव असते, त्याने काहीच सिद्ध होत नाही. उरण भागात मिठागरेही पुष्कळ गेली. मिठागर म्हणजे भातखाचर नव्हे, शेतीची सूट त्याला आपोआप लागत नाही. एकाच निवाड्यात दोन्ही प्रकारची क्षेत्रे असतील तर कोणत्या सर्व्हे नंबरात काय होते हे दाखवणारा कागद लाखमोलाचा ठरतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्यांना कलम 96 ने आयकरातून वगळले आहे, खासगी वाटाघाटीने झालेली खरेदी सोडून. म्हणजे आपला निवाडा 1894 च्या कायद्याखालचा की 2013 च्या, हेसुद्धा निवाड्याची प्रत हाती असल्याशिवाय सांगता येत नाही.

सर्वात जास्त गफलत व्याजात होते. न्यायालयातून रक्कम मिळते तेव्हा तिच्यात मूळ वाढ, 30 टक्के दिलासा रक्कम आणि व्याज अशा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र असतात. व्याज पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के. खटला वीस वर्षे चालला की व्याज मुद्दलाच्या पुढे जाते. बँकेच्या पासबुकात मात्र एकच आकडा दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये घनश्याम प्रकरणात सांगितले की जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 खालील व्याज हे मोबदल्याचाच भाग आहे, कलम 34 खालील व्याज मात्र तसे नाही. त्यानंतर आयकर कायद्यात तरतूद आली: वाढीव मोबदल्यावरचे व्याज ज्या वर्षी मिळेल त्या वर्षी करपात्र आणि त्यातून निम्म्या रकमेची वजावट. तेव्हापासून कलम 28 च्या व्याजावर उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागले आहेत. तुमचा वकील कोणतीही बाजू मांडो, त्याला आधी रकमेची फोड दाखवणारा तक्ता हवा. तो तक्ता नसेल तर अधिकारी सगळा आकडा उत्पन्न धरू शकतो आणि त्याला चूक म्हणायला आपल्याकडे काही उरत नाही. उद्गम करकपात झाली असेल तर तिचे प्रमाणपत्रही त्याच फाइलीत हवे. कापलेला कर परत मिळवायचा तर तो कोणाच्या पॅनवर जमा झाला हे कळले पाहिजे. पाच भावांच्या सामाईक जमिनीची रक्कम एकाच भावाच्या नावावर आली आणि त्याने ती वाटली, तर कर-खात्याच्या नोंदीत उत्पन्न त्या एकट्याचेच दिसते. वाटपाचा लेख आणि बँकेतून केलेले हस्तांतरण, एवढ्या दोन गोष्टींनी पुढचा सगळा मनस्ताप टळतो. रोखीने केलेले वाटप कितीही प्रामाणिक असले तरी ते दाखवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो की आता सगळे ऑनलाइन आहे, कागद कशाला जपायचे? सातबारा मोबाइलवर दिसतो, उत्पन्नाची माहिती वार्षिक माहिती विवरणात आपोआप येते. हे खरे आहे आणि ते सोयीचेही आहे. पण वार्षिक माहिती विवरण 2021 मध्ये सुरू झाले. त्याला चाळीस वर्षांपूर्वीचे काही ठाऊक नाही. शिवाय त्यात दिसते ते आलेला पैसा. त्या पैशावर सूट का आहे हे त्यात लिहिलेले नसते. शासनाकडची माहिती पूर्ण झाली तसा आपल्याकडचा पुरावा अधिक लागू लागला, कमी नव्हे. उठलेल्या शेवा गावातल्या कोळी कुटुंबांचे पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात झाले आणि तिथल्या घरांना वाळवीने पोखरले, हे उरण तालुक्यात सर्वांना माहीत आहे. ज्या घराची लाकडे टिकली नाहीत तिथे निवाड्याची नोटीस टिकेल अशी आशा कशी धरायची? म्हणून मूळ कागद जपावाच, पण त्याची स्वच्छ स्कॅन प्रत दोन वेगळ्या ठिकाणी आणि प्रमाणित नक्कल तिसऱ्या ठिकाणी असावी.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: आयकर खात्याला जुनी प्रकरणे उघडायला मुदत आहे, मग इतके जुने कागद का ठेवायचे? मुदत आहे. सप्टेंबर 2024 पासून साधारण प्रकरण कर निर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिन्यांपर्यंत, आणि लपलेले उत्पन्न 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षे तीन महिन्यांपर्यंत उघडता येते. पण ही मुदत खात्याने प्रश्न विचारण्याची आहे. तुम्ही आज जागा विकली, तर प्रश्न आजच्या विक्रीचा आणि उत्तर जुन्या किमतीचे. 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या जागेसाठी त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदीची किंमत धरता येते, त्या वर्षीच्या रेडी रेकनरच्या मर्यादेत. समजा, गावठाणालगतची वडिलोपार्जित बिनशेती जागा 2025-26 मध्ये एक कोटीला विकली आणि तिची 2001 ची किंमत 20 लाख असल्याचा मूल्यांकन अहवाल आहे. 12.5 टक्के दराने कर होतो 10 लाख. पण 23 जुलै 2024 पूर्वीच्या जागेला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा हिशेबही करता येतो. 376 च्या निर्देशांकाने 20 लाखांचे 75.2 लाख होतात, नफा उरतो 24.8 लाख आणि कर 4 लाख 96 हजार. काहीच पुरावा नाही आणि किंमत शून्य धरली गेली, तर कर साडेबारा लाख. उपकर वेगळा. साडेसात लाखांचा हा फरक एका अहवालाचा आणि एका फेरफाराच्या नकलेचा आहे. वारसाने आलेल्या जागेला मूळ मालकाची किंमत आणि त्याचा धारणकाळ मिळतो, पण तो वारसा फेरफाराच्या नोंदीतून दाखवावा लागतो.

तिसरा आक्षेप अगदी ताजा: आता 12 लाखांपर्यंत कर नाही, मग आम्हाला काय त्याचे? नव्या करप्रणालीतली ही सूट पगार, भाडे, धंदा अशा साध्या उत्पन्नासाठी आहे. जागेच्या विक्रीवरचा दीर्घकालीन भांडवली नफा विशेष दराचा असतो आणि त्यावरील कराला ही सवलत लागत नाही. घरात दुसरे उत्पन्न चार लाखांचे असले तरी भूखंडाच्या नफ्यावर कर बसू शकतो. भूखंड विकसकाला देताना नोंदणीकृत करार केला असेल, तर कराचे वर्ष साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याचे असते, करारावर सही केल्याचे नव्हे. पण दाखल्याआधी आपल्या वाट्याचा फ्लॅट विकला की हे संरक्षण जाते. त्रिपक्षीय करारनामा, भाडेपट्टा, ताबा पावती आणि सिडकोकडे भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती हे सगळे इथे एकत्र लागतात.

कंटेनर यार्डला किंवा पार्किंगला दिलेल्या मोकळ्या जागेचे भाडे घरभाडे म्हणून दाखवण्याची चूकही फार होते. घराच्या भाड्यातून मिळणारी 30 टक्के सरसकट वजावट मोकळ्या जमिनीच्या भाड्याला नाही. तिथे भराव, कुंपण, राखणदार यांच्या खर्चाच्या पावत्याच कामी येतात. ट्रेलरवाल्यांना दहा गाड्यांपर्यंत वजनावर ठरलेले अंदाजित उत्पन्न दाखवता येते आणि हिशेबाच्या वह्यांतून सुटका मिळते. मात्र गाडी कोणत्या महिन्यात घेतली-विकली आणि खात्यात आलेली मोठी रक्कम कर्जाची की भाड्याची, हे सांगण्यातून सुटका नाही.

‘आमचे सीए बघतात’ हे शेवटचे उत्तर. सीए हिशेब बघतो. तुमच्या आजोबांची पेटी त्याच्याकडे नाही. आणखी एक बदल लोकांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. ऑगस्ट 2020 पासून करनिर्धारण चेहराविरहित झाले. नोटीस पोर्टलवर येते आणि उत्तर वाचणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असतो. त्याला उरण तालुक्यातले जासई गाव ठाऊक नाही, साडेबारा टक्के म्हणजे काय ते ठाऊक नाही, मेट्रो सेंटर हे भूसंपादनाचे कार्यालय आहे हेही नाही. समोर जाऊन समजावून सांगण्याची वाट अरुंद झाली. जे सांगायचे ते कागदाने सांगावे लागते, आणि मराठी हस्तलिखित सातबाऱ्याबरोबर त्याचे भाषांतर जोडावे लागते. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी आयकर अधिनियम, 2025 आला. कलमांचे आकडे बदलले, पुराव्याची मागणी तीच आहे.

ज्यांच्या घरात भूसंपादनाचे एकही प्रकरण आहे त्यांना माझी विनंती आहे. पनवेलच्या मेट्रो सेंटरमधून निवाड्याच्या आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून संपादनापूर्वीच्या सातबारा-फेरफारांच्या प्रमाणित नकला मागा. वाढीव मोबदल्याच्या रकमेची फोड वकिलाकडून लेखी घ्या. ज्या वयस्क माणसाला सर्व्हे नंबर तोंडपाठ आहेत, त्याच्या शेजारी बसून ते उतरवून घ्या. नकलांसाठीचा अर्ज नोटीस आल्यावर करायचा नसतो. नोटिशीला उत्तर द्यायला मिळतात ते थोडे दिवस, आणि जुनी नक्कल त्या दिवसांत हाती येईलच असे नाही.