गावाच्या पाण्याचा हिशेब

मुलांनो, ग्रामपंचायत तुम्हांला माहीत आहे. पण ग्रामसभा म्हणजे काय? पंचायतीचे सदस्य आपण निवडून देतो. ग्रामसभेत मात्र गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक स्त्री-पुरुष स्वतः सभासद असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाहा. येथे पाऊस थोडाच पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर अनेक कुटुंबे कामासाठी गाव सोडून गेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, बंधारे बांधले. विहिरींचे पाणी वाढले.

खरी अडचण येथेच होती. विहीर भरली, की उसाचा मोह कोणाला होत नाही? पण गावाने ठरवले : शेतीसाठी बोअरवेल खणायची नाही, ऊस, केळी अशी फार पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. पावसाळा संपला, की किती पाऊस पडला याचा हिशेब ग्रामसभेत मांडतात. पहिला वाटा माणसांना व जनावरांना, उरलेला पिकांना. पाऊस कमी झाला, तर कोणते पीक सोडायचे, हेही तेथेच ठरते. ज्या शेतकऱ्याला ते पीक सोडायचे असते, तोही त्याच सभेत बसलेला असतो.